बाबांना प्लॅटिनमच्या औषधाची ट्रायल सुचवलीय, सही करावी का?

म्हसवडकर

नमस्कार मंडळी. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

बाबा ७१ वर्षांचे. माळकरी माणूस, उभ्या जन्मात विडी नाही की तंबाखू नाही. दिवाळीत कोरडा खोकला सुरू झाला. गावात सगळे म्हणाले बाजरीच्या मळणीची धूळ गेली असेल. मग छातीत पाणी झालं, साताऱ्याला नेऊन काढलं आणि त्या पाण्याच्या तपासणीतच कळलं. फुप्फुसाचा कॅन्सर, ॲडिनोकार्सिनोमा, चौथी स्टेज. पुढच्या तपासणीत ईजीएफआर म्युटेशन निघालं, म्हणजे कॅन्सरच्या पेशींतल्या एका जनुकात बदल. डॉक्टर म्हणाले त्यातल्या त्यात हे बरं, यावर गोळी आहे.

आता मुंबईच्या एका हॉस्पिटलात ट्रायल सुचवलीय. सत्तरीपुढच्या रुग्णांसाठीच आहे. एका गटाला फक्त गोळी. दुसऱ्या गटाला तीच गोळी आणि शिवाय दर तीन आठवड्यांनी सलाईनमधून कार्बोप्लॅटिन (हेच ते प्लॅटिनमचं) आणि पेमेट्रेक्सेड, ही केमोची औषधं. कोण कुठल्या गटात जाणार ते कॉम्प्युटर ठरवणार, आपल्याला निवडता येत नाही. २४ पानांचं संमतीपत्र दिलंय, गुरुवारी सांगा म्हणाले.

घरात तीन तऱ्हा. थोरले चुलते म्हणतात, 'प्रयोगाला म्हातारा गावला त्यांना.' आईनं प्लॅटिनम शब्द ऐकला आणि घाबरली. सोनाराकडे असतं ते प्लॅटिनम? ते वितळवून शिरेत सोडणार? आणि बाबा म्हणतात, तुम्ही कराल ते. मी चाकणला कंपनीत आहे, डिप्लोमा मेकॅनिकल. धातू मला कळतो, पण तो माणसाच्या अंगात कसा चालतो ते नाही कळत. कागद तीनदा वाचला. कुणी या वाटेनं गेलंय का?

वैद्यांचा_नातू

धातूच द्यायचा तर आपलं सुवर्णभस्म काय वाईट? आजोबा देत असत. परदेशी प्रयोग अंगावर घेण्यापेक्षा आधी ते करून बघा. ट्रायल कुठे पळून जात नाही.

रसायन_सर

आईंच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तो वर्गातही दरवर्षी येतो. अंगठीतलं प्लॅटिनम हे नुसतं धातूचं प्लॅटिनम. औषधात प्लॅटिनमचा एकेक अणू नायट्रोजन आणि ऑक्सिजनच्या कोंदणात बसवलेला असतो. ती पांढरी भुकटी पाण्यात विरघळते. वितळवायचा प्रश्नच नाही. मीठ खाताना आपण सोडियम धातू खात नाही, तसंच.

या कुळातलं पहिलं औषध सिसप्लॅटिन. ते संयुग इटलीच्या मिकेले पेरोने यांनी १८४४-४५ च्या सुमारास बनवलं आणि पुढे सव्वाशे वर्षं ते रसायनशास्त्राच्या पुस्तकात पडून होतं. १९६५ मध्ये अमेरिकेत मिशिगन स्टेट विद्यापीठात बार्नेट रोझेनबर्ग जिवाणूंवर विजेचा काय परिणाम होतो ते बघत होते. प्लॅटिनमच्या पट्ट्या वापरल्या, का तर प्लॅटिनम कशाशीच अभिक्रिया करत नाही असा समज. जिवाणू दुभंगायचे थांबले आणि नुसते शेवयांसारखे लांबत गेले, नेहमीच्या ३०० पट लांब. दोष विजेचा नव्हता. पट्ट्यांतून सुटलेल्या प्लॅटिनमनं द्रावणात जी संयुगं तयार केली होती त्यांचा होता. पेशी दुभंगणं थांबतं म्हटल्यावर कॅन्सर आठवणारच. १९७८ मध्ये सिसप्लॅटिनला अमेरिकेत मान्यता मिळाली. ते मूत्रपिंडावर आणि कानावर फार जड जायचं, म्हणून इंग्लंडमध्ये त्याची सौम्य बहीण काढली, तीच कार्बोप्लॅटिन. ते १९८० च्या दशकापासून वापरात आहे. तुमच्या बाबांवर कुणी नवं रसायन तपासत नाहीये.

डीएनएच्या जिन्याला हा प्लॅटिनमचा अणू दोन ठिकाणी पकडून वाकवतो, मग त्या जिन्याची नक्कल निघत नाही आणि पेशी मरते. भरभर वाढणाऱ्या पेशी जास्त मरतात, म्हणून रक्त बनवणाऱ्या पेशीही सापडतात. तुम्ही मेकॅनिकलवाले म्हणून एक गंमत: ही औषधं ॲल्युमिनियमचा भाग असलेल्या सुईतून देत नाहीत. ॲल्युमिनियम लागलं की काळा साका बसतो आणि औषध वाया. विद्युतरासायनिक श्रेणी आठवा, प्रात्यक्षिकाला यापेक्षा महाग उदाहरण नाही.

कालवा_निरीक्षक

म्हसवडकर, तुला 'तू'च म्हणतो, माझा मुलगा तुझ्याच वयाचा असेल. मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त. आयुष्यभर पाणीपाळीच्या याद्या आणि नमुना नंबर ७ चे अर्ज बघितले. डॉक्टर नाही. पण अशाच ट्रायलच्या कागदावर माझी साक्षीदार म्हणून सही आहे, आमच्या हिच्या सहीखाली. २०१७ सालची गोष्ट. हॉस्पिटलचं नाव मुद्दाम टाळतो, माझी तक्रार कुणाविरुद्ध नाही.

हिचं वय तेव्हा ५८. तुझ्या बाबांसारखंच, ईजीएफआर पॉझिटिव्ह. आमच्यापुढेही हाच प्रश्न होता: गेफिटिनिब २५० ची रोज एक गोळी, की गोळीसोबत कार्बोप्लॅटिन-पेमेट्रेक्सेड. हिला सुयांची भीती. तीन रात्री ही एकच प्रार्थना करत होती की आपल्याला नुसती गोळी मिळू दे. टेबलावरच्या मुलीनं स्क्रीनकडे बघून सांगितलं, 'काकू, आर्म ए.' हिला ऐकू आलं 'आरामे'. म्हणाली, बघा, आराम पडणार म्हणतायत. आर्म ए म्हणजे फक्त गोळी. स्टँडवर येऊन मी पेढे घेतले. खरंच घेतले, अर्धा किलो.

गोळीनं तोंडावर वयात आलेल्या पोरीसारख्या पुटकुळ्या आल्या, पोट बिघडायचं. पण दीड महिन्यात खोकला गेला. तीन महिन्यांच्या स्कॅनमध्ये गाठ निम्म्याहून कमी झाली. ही पुन्हा जिना चढून गच्चीवर पापड घालायला लागली.

आमच्या शेजारच्या खुर्चीत बीडकडचे एक गृहस्थ असायचे, ते दुसऱ्या गटात. त्यांना प्लॅटिनम चालू. दुसऱ्या सलाईननंतर त्यांच्या प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, उतरल्या, रक्त चढवावं लागलं, पुढची तारीख दहा दिवस ढकलली. केस नाही गेले, पण चहा लोखंडी लागतो म्हणायचे. मी मनात म्हणायचो, सुटलो आपण. हे आज लिहायला लाज वाटते, पण म्हणायचो.

नवव्या महिन्यात हिचा खोकला परत आला. मग ट्रायलमधून बाहेर पडून हिला कार्बोप्लॅटिन द्यावंच लागलं, चार वेळा. सुई काही चुकली नाही. एकूण एकोणीस महिने मिळाले आम्हाला.

पुढे २०२० मध्ये टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांचा याच प्रश्नावरचा अभ्यास छापून आला, 'जर्नल ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजी'त. मुलानं काढून दिला, मी शब्दकोश घेऊन वाचला. ३५० रुग्ण. नुसत्या गोळीच्या गटात आजार पुन्हा वाढेपर्यंतचा काळ ८ महिने, गोळी अधिक प्लॅटिनमच्या गटात १६. हे आकडे मधले असतात, म्हणजे निम्म्यांचा आजार त्याआधी उलटला, निम्म्यांचा नंतर. आयुष्याचं म्हणशील तर गोळीच्या गटात मधला आकडा १७ महिने, आणि दुसऱ्या गटात हिशेब छापेपर्यंत निम्मे रुग्ण गेलेच नव्हते, म्हणून आकडाच काढता आला नाही.

ज्याच्या सुटकेचे मी पेढे वाटले तेच जास्त दिवस देणारं निघालं.

पण हेही खरं की त्या दिवशी हे कुणालाच ठाऊक नव्हतं. उलट अंदाज करायला कारण होतं. २००९ मध्ये आशियातल्या १२१७ रुग्णांचा अभ्यास आला होता, त्यात म्युटेशनवाल्यांना गेफिटिनिबनं कार्बोप्लॅटिनच्या जोडीपेक्षा जास्त काळ दिला होता, साडेनऊ महिने विरुद्ध सहा महिने आणि काही दिवस. गोळीनं प्लॅटिनमला हरवलं अशीच हवा होती. हरलेल्याला परत जोडीला घ्यावं का, हे चिठ्ठी टाकल्याशिवाय कळण्यासारखं नव्हतं. डॉक्टरनं निवड केली असती तर धडधाकट माणसं प्लॅटिनमकडे आणि थकलेली गोळीकडे गेली असती. मग प्लॅटिनमवाले जास्त जगले ते औषधानं की मुळातल्या ताकदीनं, कसं ओळखणार? कॅनॉलच्या तोंडाशी ज्याची जमीन त्याचा ऊस चांगला येतो आणि तो म्हणतो माझं बेणं भारी. तसलं होतं.

आता तुमच्या चुलत्यांना सांग. म्हातारा गावला नाही, म्हातारा आजवर गावतच नव्हता. अशा अभ्यासांत वयस्कर माणसं नेहमी कमी घेतात. त्याच टाटाच्या अभ्यासात गंभीर त्रास गोळीच्या गटात चारांत एकाला झाला, प्लॅटिनमच्या गटात दोघांत एकाला. पंचावन्न वर्षांचा माणूस तो सोसून वर आठ महिने पदरात पाडून घेतो. एकाहत्तरीच्या माणसाला ते पेलेल का, हा तुमच्या कागदातला खरा प्रश्न दिसतो. आणि तो अजून उघडा असेल तरच चिठ्ठीला अर्थ आहे. डॉक्टरांना तोंडावर विचार, 'तुमच्या वडिलांना तुम्ही काय दिलं असतं?' आमच्या डॉक्टरीणबाई यावर थांबल्या होत्या, लगेच बोलल्या नाहीत. त्या थांबण्यावर माझा विश्वास बसला.

कागदाबद्दल. टेंडर वाचतात तसा वाच, शेवटून. पैसे कोण देणार ते आधी बघ: गोळी, सलाईन, स्कॅन, प्रत्येकाचं वेगळं लिहिलेलं असतं. आम्हाला गोळी मिळत होती, स्कॅनचे पैसे मात्र भरावे लागले आणि ते पान १७ वर होतं. मग बघ की नुसत्या गोळीच्या गटात गेले आणि आजार उलटला तर प्लॅटिनम तेव्हा देणार का. 'कधीही बाहेर पडता येईल, पुढच्या उपचारावर परिणाम होणार नाही' हे वाक्य मराठी प्रतीत आहे का बघ, असायलाच हवं. ट्रायलमुळे काही इजा झाली तर उपचार कोण करणार, तेही. सीटीआरआयचा, म्हणजे देशातल्या ट्रायलच्या नोंदवहीचा, नोंदणी क्रमांक असेल तो मोबाईलवर टाक, सरकारी साइट आहे, कुणालाही उघडते. एथिक्स कमिटीचा, म्हणजे ट्रायलमधल्या रुग्णांचं हित बघणाऱ्या समितीचा, फोन नंबर शेवटच्या पानावर असतो. आणि सही केलेली एक प्रत घरी आण. आमची अजून कपाटात आहे.

एक हिशेब तुला आवडेल. कार्बोप्लॅटिनचा डोस नुसत्या वजनावर काढत नाहीत, मूत्रपिंड किती गाळतं त्यावर काढतात, कारण ते बहुतेक लघवीतून जातं. १४० मधून वय वजा कर, वजनानं गुण, ७२ ने भाग, पुन्हा क्रिएटिनिननं, म्हणजे रक्ताच्या रिपोर्टातल्या मूत्रपिंडाच्या आकड्यानं, भाग. त्यात २५ मिळव. डॉक्टरांनी ठरवलेल्या आकड्यानं, बहुधा ५ नं, गुण. इतके मिलिग्रॅम. हिच्या वेळी बाई म्हणून आणखी ०.८५ नं गुणलं होतं, तू तो भाग सोड. बाबांचं वजन आणि क्रिएटिनिन सांग.

भस्मवाल्या भाऊंना हात जोडून: आमच्याकडेही एका नातलगानं पुडी आणली होती. हिनं मला न सांगता तीन आठवडे घेतली. यकृताचे आकडे तिप्पट झाले आणि चालू असलेली गोळी पंधरा दिवस बंद ठेवावी लागली. पुडीनं झालं की गोळीनं, कुणालाच सांगता आलं नाही, आणि अडचण तीच होती. म्हसवडकर, घरात काय चालू आहे ते सगळं डॉक्टरांना सांग, काढासुद्धा.

डेकेअर_ताई

नाशिकला सलाईनच्या खुर्च्यांवर पंधरा वर्षं काढलीत, दोनच गोष्टी सांगते. पेमेट्रेक्सेडसोबत फॉलिक ॲसिडची रोजची छोटी गोळी असते, ती आठवडाभर आधी सुरू होते, बी-१२ चं इंजेक्शनही. लोकांना ती किरकोळ वाटते, महागड्या औषधाच्या नादात ही दोन रुपयांची विसरतात आणि मग तोंड येतं, रक्त उतरतं. डबीवर तारखा लिहून ठेवा. दुसरं, घरात थर्मामीटर पाहिजेच. सलाईननंतर ताप १०० च्या वर चढायला लागला की सकाळची वाट बघायची नाही. क्रोसिन देऊन झोपवायचं नाही. म्हसवडहून रात्री दोनला कुठे न्यायचं ते आधीच ठरवून ठेवा, आणि त्या दवाखान्याला ट्रायलच्या कार्डाची झेरॉक्स देऊन ठेवा.

म्हसवडकर

सगळ्यांचे आभार, काका तुमचे जास्त. काय लिहू कळत नाही.

आईला मीठ-सोडियमचं पटलं. वजन ५२ किलो, क्रिएटिनिन १. हिशेब केला: ६९ गुणिले ५२ भागिले ७२ म्हणजे ४९.८, अधिक २५, गुणिले ५. ३७४ मिलिग्रॅम आले. सर, त्यात प्लॅटिनम किती हो?

रसायन_सर

प्लॅटिनमचा अणुभार १९५, कार्बोप्लॅटिनचा रेणुभार ३७१. निम्म्याहून थोडं जास्त. १९६ मिलिग्रॅमच्या आसपास. आईंना सांगा, एका अंगठीत यापेक्षा वीसपट असतं आणि सोनार मजुरी वेगळी लावतो.

कालवा_निरीक्षक

मुंबईला जाल तर आधी रेल्वेचा सवलतीचा फॉर्म हॉस्पिटलमधून घे. कॅन्सरच्या रुग्णाला उपचारासाठी जाताना स्लीपर आणि थ्री-टायर एसीला तिकीट माफ असतं, सोबतच्या एकाला पंचाहत्तर टक्के सवलत. एसटीनं आलात तर बाबांना वयामुळे अर्धं आणि आईला बाई म्हणून अर्धं. राहायला दादरला गाडगे महाराजांची धर्मशाळा आहे, कॅन्सरच्या पेशंटसाठीच. जागा मिळेलच असं नाही, कागदपत्रं घेऊन सकाळी लवकर जा. मी हे सगळं तिसऱ्या खेपेला शिकलो.

म्हसवडकर

गुरुवारचं सांगतो. डॉक्टरांना तुमचा प्रश्न विचारला, 'तुमच्या वडिलांना काय दिलं असतं?' ते हसले नाहीत. म्हणाले, वडील चालते-फिरते असते तर दोन्ही दिलं असतं, अंथरुणाला असते तर नुसती गोळी, आणि तुमचे वडील मधे बसतात म्हणून तर विचारतोय.

त्यावर बाबा पहिल्यांदा बोलले. चार महिने सगळे त्यांच्या डोक्यावरून बोलत होतो. म्हणाले, 'साहेब, सुई लागली तर आषाढीला जाता येईल का?' डॉक्टरांनी कॅलेंडर काढलं. चालत नाही, पण वाहनानं आणि गर्दी टाळून, रक्ताचा रिपोर्ट नीट असेल तर सलाईनच्या पाळीच्या तिसऱ्या आठवड्यात बघू म्हणाले. बाबांनी स्वतः सही केली. पान १७ आमच्यात १९ वर होतं. स्कॅन फुकट आहे, पहिले दोन.

चिठ्ठी निघाली. गोळी अधिक सलाईन. चुलते अजून बोलत नाहीत. काल पहिली पाळी झाली, कार्बोप्लॅटिन अर्ध्या तासात संपलं. बाबांनी बाटली रिकामी होईपर्यंत तिच्याकडे बघत हरिपाठ म्हटला. आणि काका, बाटलीवरच्या चिठ्ठीवर ३७५ लिहिलं होतं.

कालवा_निरीक्षक

एक मिलिग्रॅम त्यांनी वर धरला, चालायचंच. फॉलिक ॲसिड चुकवू नकोस. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात प्लेटलेट खाली येतात, रिपोर्ट आला की आकडा इथे टाक.